पडद्यातली सून आणि वावरातली बाई

महादेवरावांची दोन बैलांची दमणी दारात थांबली आणि त्याच घटकेला माजघरातल्या पडद्याआड वच्छलेला ओकारी झाली. रुख्मिणीबाईंनी दोन्ही आवाज एकदमच ऐकले. पाहुणे अमरावतीहून आपल्या मुलीची सोयरीक पक्की करायला आले होते. ती मुलगी चंद्रभानाची दुसरी बायको म्हणून या घरात यायची होती, आणि पहिली बायको आत मोरीजवळ वाकून बसली होती.

रुख्मिणीबाईंची सहा बाळंतपणं झाली होती. अपचनाची ओकारी कोणती आणि फोडणीच्या वासानं येणारी कोणती, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या आत गेल्या, सुनेच्या डोळ्यांखाली नीट पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

"कितवा?"

"तिसरा लागला जी, आत्याबाई."

लग्नाला पाच वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. एरवी या उत्तरावर रुख्मिणीबाईंनी गावभर साखर वाटली असती. पण चंद्रभानानं आठ महिन्यांत या खोलीचा उंबरा ओलांडलेला नव्हता, आणि ही गोष्ट अकोल्यापासून अमरावतीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. सांगितली कुणी? रुख्मिणीबाईंनीच. पोरगा सुनेकडे जातो की नाही हे कळावं म्हणून त्या रोज त्या उंबऱ्यात आडव्या होत असत, आणि सकाळी पाणवठ्यावर जाऊन 'आजही नाही गेला' असं डोळ्यांना पदर लावून सांगत असत.

या सगळ्याला कारण अमेरिका. तिकडे कुठेतरी भाऊ भावाशी लढत होते, म्हणून तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, म्हणून सावरखेडच्या भगवंतरावांची सून पडद्यात गेली. हा असला हिशेब जुळतो यावर माझा स्वतःचा विश्वास बसायला वेळ लागला, पण घडलं ते असंच. भगवंतरावांचे धाकटे भाऊ पंजाबराव अकोल्याच्या बाजारात कापसाची अडत करत. अमरावतीच्या कापूसबाजारात त्यांना एका गोऱ्या साहेबाची मडम दिसली. छत्रीखाली उभी, दुधासारखी पांढरी, हातात साधा रुमाल उचलायचीही ताकद नसलेली. पंजाबराव तिथून सरळ सावरखेडला आले आणि थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, सून वावरात कापूस वेचते तोवर लोक आपल्याले वेचनारेच म्हनतीन." ज्येष्ठ महिन्यात वच्छलेला आत बसवलं.

आत बसवलं म्हणजे काय, तर दुपारच्या जेवणानंतर अंगाला बेसन आणि साय. लेप सुकताना तोंड हलवायचं नाही, नाहीतर तो फुटतो, म्हणून चार घटका बोलायचंही नाही. सून गोरी व्हायची, मऊ व्हायची, आणि चंद्रभान तिच्याजवळून हलायचा नाही, असा पंजाबरावांचा अंदाज. झालं उलटं. आधी जो चंद्रभान वावरात तिच्या हातची भाकर खायला वीस निमित्तं काढायचा, तो खोलीकडे फिरकेना. घरानं विचार केला आणि ठरवलं की सून अजून पुरेशी गोरी झालेली नाही. शिवाय ती होतही नव्हती. कार्तिकापासून तर ती काळवंडतच चालली होती. रुख्मिणीबाईंनी आधी बेसन बदललं, मग गाय बदलली. शेवटी तयार गोरी मुलगीच आणावी असं ठरलं. महादेवरावांची मुलगी वीस वर्षांची झाली होती. भाव चढतोय तोवर कापूस दाबून ठेवतात, तशी त्यांनी तिची सोयरीक थांबवून ठेवली होती.

"कोनाचं हाय थे?" रुख्मिणीबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"तुमच्या पोराचं."

"खोटं नको बोलू वं! आठ महिने मी या उंबऱ्यात झोपून राह्यली. मांजर गेलं तरी मले समजते."

"अथी नाही जी. वावरात."

"वावरात तू कवा गेली? दुपारी तं तू लेप लावून तथी..." असं म्हणत रुख्मिणीबाईंनी बिछान्याकडे बोट केलं. बिछान्यावर दाराकडे पाठ करून, डोक्यापर्यंत शाल ओढून, एक लोड झोपला होता. त्यांनी शाल ओढली, लोड पाहिला, परत शाल घातली. गेले चार महिने रोज दुपारी त्या या लोडाजवळ बसून मन मोकळं करत आल्या होत्या. नवऱ्याबद्दलसुद्धा बोलल्या होत्या.

"माय वं," त्या म्हणाल्या.

बाहेर सोप्यावर पंजाबरावांचा दिवस फार चांगला चालला होता. त्यांनी मुंबईहून दोन खुर्च्या मागवल्या होत्या. त्यांवर कुणी बसत नसे, पण पाहुणा सतरंजीवर बसला तरी त्याला त्या दिसत असत. महादेवराव तक्क्याला टेकून पान लावत होते. अकोल्याचे मोरोपंत जोशी पंचांग उघडून मुहूर्त काढत होते. भगवंतराव गप्प होते, कारण त्यांना बोलण्यापेक्षा पाऊसपाणी आणि बैल जास्त कळत. चंद्रभान खांबाला टेकून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"एक इचारतो, राग नका मानू," महादेवराव म्हणाले. "पोराची कोनी वावरातली बाई हाये म्हनते. अमरावतीपावतर आलं कानावर."

मोरोपंतांनी पान उलटलं. भगवंतरावांनी मान खाली घातली. पंजाबरावांनी मात्र छाती पुढे काढली. "हाये जी. लपवाचं काय त्याच्यात? वेचनारनींमधलीच हाय कोनी. आगगाडीच्या भरावाच्या कामावर सारे मजूर गेले, म्हनून बाहेरगावच्या बाया येतेत. मोठ्या घरचं पोट्टं हाय, ठेवली."

"बरं झालं सांगतलं," महादेवराव मोकळे झाले. "मी म्हनतो, ज्याच्या घरी काहीच नाही त्याले कोन बाई ठेवू देते? तशा घरी मी माही पोट्टी देत नाही."

चंद्रभानाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लोकांना वाटलं लाज, आणि ती लाजच होती, पण भलत्याच गोष्टीची.

तेवढ्यात माजघराच्या दारात रुख्मिणीबाई येऊन उभ्या राहिल्या. पाहुण्यासमोर त्या अशा कधी आल्या नव्हत्या.

"सोयरीक थांबवा," त्या म्हणाल्या. "सून पोटुशी हाय."

"वा! अभिनंदन!" मोरोपंत सवयीनं बोलून गेले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. नवराबायकोत आठ महिने दुरावा का, याचं ग्रहांतलं कारण त्यांनीच शोधून दिलं होतं आणि दक्षिणाही घेतली होती. "म्हणजे, मंगळ बघितला तर तसं व्हायला नको होतं."

"कोनाचं?" भगवंतरावांनी विचारलं.

"थे म्हनते, आपल्याच पोराचं. वावरात."

सगळे चंद्रभानाकडे वळले. चंद्रभानानं अंगठ्याकडे पाहणं चालूच ठेवलं. हो म्हणेना, नाही म्हणेना. आपलं म्हणण्याची वेळ येते तेव्हा नेमकं खाली पाहणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत, त्यातलाच हा एक.

भगवंतराव उठून उभे राहिले. "पोराचं असंन तं पोट्टं घराचं. नसंन तं दिवस मावळाच्या आत तिले तिवश्याले माहेरी सोडून या, अन तिच्या बापाले सांगा काहून सोडली थे. बोल गा चंद्रभान."

चंद्रभान खांबाच्या आडोशाला सरकला.

वच्छलेला पडद्याच्या आतल्या बाजूला आणून उभं केलं. पडद्याखालून फक्त तिची पावलं दिसत होती. चौकशी पंजाबरावांनी आपल्याकडे घेतली, कारण मुळातच त्यांना कुणाचंही काहीही विचारायला आवडे.

"वावरातली बाई म्हनते थे तूच काय?"

"हो जी."

"मंग दुसरी कोनी नाहीच?"

"नाही जी, काकाजी."

पंजाबरावांचा आवाज कापरा झाला. "म्हंजे साऱ्या अकोल्यात मी सांगून राह्यलो का पुतन्यानं बाई ठेवली, अन थे घरचीच निंघाली? आता मी बाजारात तोंड कसं दाखवू?"

"थांब लेका," भगवंतराव म्हणाले. "थे वावरात गेली कशी, थे तं पाहू. हात दाखव, पोरी."

पडद्याच्या कडेनं दोन हात बाहेर आले. बोटांवर बोंडांच्या टरफलांनी ओरखडे काढले होते, नखांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. सायीत भिजलेल्या सुनेचे हे हात नव्हते. भगवंतरावांनी तीस वर्षं असे हात पाहिले होते. कुणी लबाडीनं असे हात करून आणू शकत नाही हे त्यांना माहीत होतं.

"कोनाच्या वावरात वेचलं?"

"आपल्याच जी, मामाजी. वेचनाऱ्या मानिकबाईनं आपलं जुनं लुगडं देल्लं."

"त्या पिंपळाखालच्या तुकड्यात एक बाई उशिरा ये. पदरात तोंड घालून राहे. तिले मी चार शिव्या घातल्या होत्या."

"हो जी. सहा घातल्या."

भगवंतराव खाली बसले. सुनेला त्यांनी आजवर 'अगं' म्हणून हाकसुद्धा मारली नव्हती.

"हातावरून एवढंच समजते का कापूस वेचला," महादेवराव म्हणाले. त्यांना आता या प्रकरणात स्वतःच्या मुलीपेक्षा जास्त रस वाटू लागला होता. "पोट्टं कोनाचं थे काही हातावर लिवलं नाही."

मोरोपंतांनी पंचांग मिटलं. त्यांचे डोळे चमकत होते. "एक मुद्दा आहे. चंद्रभानाला ती आपली पत्नी आहे हे ठाऊक होतं का? ठाऊक होतं, तर प्रश्नच मिटला. पण ठाऊक नव्हतं असं धरा. मग त्याच्या मनानं ती परस्त्री. म्हणजे त्यानं स्वतःच्या पत्नीशी व्यभिचार केला, त्याला प्रायश्चित्त आहे. पण ती तर त्याला नवरा म्हणून ओळखत होती, म्हणजे ती पतिव्रता. आता एका बाजूनं व्यभिचार आणि दुसऱ्या बाजूनं पातिव्रत्य, तर संततीला कोणती बाजू लागू करायची? तीस वर्षांत मला असा प्रश्न आला नाही!"

"पंत, पोट्टं कोनाचं थे सांगा," भगवंतराव म्हणाले.

"ते त्यानंच सांगायचं."

बापासमोर चंद्रभानानं बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं, तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं नव्हतं. आणि आता काका, जोशी आणि अमरावतीचा पाहुणा यांच्यासमोर त्यानं काय काय सांगायचं होतं! गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसला तर महिन्याभरात गोरी बायको घरात आली असती, वावरातल्या बाईमुळे अकोल्यात झालेलं नाव शाबूत राहिलं असतं. फक्त पडद्याखालची ती दोन पावलं तिवश्याला गेली असती. त्यानं पावलांकडे पाहिलं. उजवा पाय डाव्या पायावर चढला होता. घाबरली की ती अशी उभी राहायची. त्याला स्वतःची किळस आली.

"माहंच हाय," तो म्हणाला.

"कशावरून?" महादेवरावांनी विचारलं.

"मीच होतो जी तथी."

"पन लेका," पंजाबरावांना खरंच कळेना, "घरातली तुले आवडत नाही, मंग तीच वावरात कशी आवडते? घरात तिले साय लावली, बेसन लावलं, उन्हाची तिरीप लागू देल्ली नाही!"

"थेच तं, काकाजी." एकदा तोंड उघडल्यावर चंद्रभानाला ते बंद करता येईना. "खोलीत गेलो का बेसनाचा वास. मले वाटे का मी भज्याच्या कढईपाशी झोपलो. बोलाले गेलो तं थे तोंड हालवेना, लेप फुटंन म्हनून. उंबऱ्यात माय. तिले हात लावाचा म्हंजे देवघरातल्या भांड्याले हात लावल्यावानी वाटे. वावरात थे हासत होती जी. बायांसंग शिव्या देऊन राह्यली होती. मानेवर घाम, केसात कापूस..."

"बस!" भगवंतराव ओरडले आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. मोरोपंतांनी मिटलेलं पंचांग पुन्हा उघडलं. उठून मात्र कुणीच गेलं नाही.

"ओळखलं होतंस का?" मोरोपंतांनी पंचांगातूनच विचारलं.

"पहिल्या दिशी नाही. तोंडावर पदर होता. तिसऱ्या दिशी ओळखलं."

"कशावरून?"

"शिंकली थे. तीनदा शिंकते अन चौथी अटकते तिची."

पडदा हलला. सासऱ्यासमोर या घरातल्या कुठल्याच सुनेनं नवऱ्याशी शब्द बोललेला नव्हता. वच्छला बोलली.

"मंग तिसऱ्या दिशी काहून नाही बोलले? म्या इतके महिने पदर नाही काढला तोंडावरचा. मले वाटे, तुमाले समजलं तं तुमी येनं बंद करान. माह्या मनात येई, हा मानूस माह्याकडं येते का दुसरीकडं येते? घरी येऊन मी त्या दुसरीच्या नावानं रडत होती अन थे मीच होती. एक शब्द काहून नाही बोलले?"

चंद्रभान आता पडद्याकडे पाहत होता, बापाकडे नाही.

"बोललो असतो तं तुले घरी यावं लागलं असतं. घरी आली असती तं तू परत सून झाली असती. तू बाजूलेच बसली असती, अन मले तुही याद येत राह्यली असती."

रुख्मिणीबाई दारातच उभ्या होत्या. एरवी या बोलण्यावर त्यांनी पोराला झापलं असतं. पण भाव चढल्यापासून त्यांनाही वावर बंद झालं होतं. दोन वर्षं झाली. सकाळी उठायचं, लुगडं नेसायचं, दागिने घालायचे आणि बसायचं. त्या चार पावलं पुढे आल्या आणि सगळ्यांच्या देखत मुंबईच्या खुर्चीवर बसल्या.

"अवो," त्या भगवंतरावांना म्हणाल्या. "तुमी मले पहिल्यांदा कुठं पाह्यलं होतं?"

"आता थे काय मंधात?"

"सांगा. पाहुन्याले ऐकू द्या."

भगवंतरावांनी भिंतीकडे तोंड केलं. "चांदूरबाजारच्या रस्त्यावर. तुह्या बापाच्या वावरात. ढेकळं फोडून राह्यली होती."

"गोरी होती काय मी?"

"नाही."

"अन दोन सालांत माह्याकडं मान वर करून पाह्यलं काय तुमी?"

पंजाबराव मध्येच म्हणाले, "वैनी, दादाचं वय..." आणि रुख्मिणीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वाक्य तिथेच राहिलं. सकाळपर्यंत सोयरिकीच्या बाजूनं असलेल्या या बाई आता कोणत्या बाजूला आहेत, हे सांगायची कुणाला गरज पडली नाही.

"ऐका," भगवंतराव शेवटी म्हणाले. "पोट्टं घराचं. सोयरीक मोडली. महादेवरावजी, माफी करा. पन सून आजपासून आत. मांगच्या दाराले कुलूप. झालं थे झालं."

वच्छलेची अब्रू वाचली होती, पोर वाचलं होतं, सवत टळली होती. आता तिनं पडद्याआडून वाकून नमस्कार करायचा आणि आत जायचं, एवढंच राहिलं होतं.

"मी आत राहत नाही जी, मामाजी," वच्छला म्हणाली.

"काय?"

"आत राह्यली तं मले नवरा नाही. आठ महिने पाह्यलं मी. तिवश्याले गेली तं पोराले बाप नाही. मले दोन्ही पाह्यजेत."

"अन लोक काय म्हनतीन? भगवंतरावाची सून कापूस वेचते?"

"तसं काहून म्हनतीन? लोक म्हनतेत, चंद्रभानानं वावरातली बाई ठेवली. म्हनू द्या. थे मी होती. सून आत हायेच तुमची."

"कुठं हाय?"

"बिछान्यावर. लोड हाय ना जी. चार महिने कोनाले समजलं?"

रुख्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. पंजाबरावांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पसरत होता. "दादा! म्हंजे बाई बी राह्यली अन पडद्यातली सून बी राह्यली! असं घर साऱ्या वऱ्हाडात नाही!"

"अन बाळंतपन?" भगवंतरावांनी विचारलं. ते या सगळ्यातला व्यवहार शोधत होते.

"थे सुनेचं जी. तवा मी येतो आत, अन लोडाले उठवतो."

"पंत?"

मोरोपंतांनी क्षणभर विचार केला. "लोडाला शास्त्रात काही आडकाठी नाही," ते म्हणाले.

तोड निघाली ती अशी. महादेवरावांना सोयरीक न करताच परत जावं लागणार होतं, पण ते नाराज दिसले नाहीत. इतकी समज असलेलं घर हातचं गेलं याचीच त्यांना हळहळ होती. निघताना ते माजघराच्या दाराशी थांबले आणि आवाज खाली आणून आतल्या अंधाराला म्हणाले, "येतो, सूनबाई." आतून उत्तर आलं नाही. "खानदानी हाय," महादेवराव मान हलवत म्हणाले आणि दमणीत बसले.

दुपार कलली तेव्हा वच्छला मागच्या दारानं माणिकबाईचं लुगडं नेसून निघाली. तिनं तोंडावर पदर घेतला तो फक्त गावापुरता, कारण घरात आता कुणाला फसवायचं राहिलं नव्हतं. भगवंतरावांनी चंद्रभानाला जवळ बोलावलं. "जा तिच्या मांगं," ते म्हणाले. "घरच्याइची परवानगी हाय."

या एका वाक्यानं चंद्रभानाचे पाय जड झाले. का झाले ते त्यालाही कळेना. चार महिने तो या वाटेनं बाभळींच्या आडून, छाती धडधडत गेला होता. आज तो भर रस्त्यानं, पंजाबकाकांनी दिलेला मुंबईचा कोट आणि जरीचा फेटा घालून, बायकोच्या दहा पावलं मागून चालत होता. वाटेत भेटलेल्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला मान लववून रामराम केला. बाई ठेवणाऱ्या माणसाचा रामराम जरा जास्त वाकून असतो.

वावरात वेचणाऱ्या बाया ओळीनं पसरल्या होत्या. माणिकबाई त्यांची मुकादमीण होती. तिनं वच्छलेला पाहून नुसतं एका पातीकडे बोट केलं. पात म्हणजे एका बाईनं वेचत न्यायच्या ओळी. वच्छलेनं कमरेला ओटी बांधली आणि पात धरली. चंद्रभान वावराच्या कडेला धुऱ्यावर उभा राहिला. ती मधूनच मान वर करून त्याच्याकडे पाही. त्याची चोरून पाहायची ती नजर आज तिथं नव्हती. तो सोयरिकीला आलेल्या माणसासारखा उभा होता.

"काय पायता?" तिनं विचारलं.

"काही नाही. आता सगळ्याइले मालूम हाय ना."

"मंग?"

"कसंतरीच वाटते."

वच्छलेच्या हातातला कापूस खाली पडला. सकाळपासून ती घाबरली होती, पण रडली नव्हती. आता तिला रडू आलं, आणि रडूपेक्षा राग जास्त आला. "घरातली नाही पाह्यजे, वावरातली पाह्यजे. वावरातली बी चोरून पाह्यजे. मी कोनकोन होऊ तुमच्यासाठी? उद्या मामाजीनं मनाई केली का मंग येसान, असं काय?"

तिनं डोळे पुसले, पाठ फिरवली आणि वेचू लागली. येईल तर येईल, नाही तर पोटात पोर आहे आणि डोक्यावर ऊन आहे, असं तिनं मनाशी म्हटलं. म्हटलं खरं, पण हात चालेना.

मागे बाया एकदम खिदळल्या. वच्छलेनं वळून पाहिलं. चंद्रभानानं कोट काढून बाभळीवर टाकला होता, फेटा त्याच्यावर ठेवला होता, आणि धोतर खोचून तो तिच्या शेजारच्या पातीत उतरला होता. पुरुषानं कापूस वेचलेला त्या शिवारात कुणी पाहिला नव्हता. आणि हा तर मालकाचा पोरगा. "माय वं, मालक वेचते!" कुणीतरी ओरडलं. त्याला वेचताही येत नव्हतं. पहिल्याच बोंडाचं टरफल नखात घुसलं आणि तो "आयो!" करून ओरडला. निम्मा कापूस बोंडातच राहत होता आणि उरलेल्या निम्म्यात वाळका पाला येत होता.

"अरे ए नव्या!" माणिकबाईनं हाक मारली. "कचरा नको आनू! पाला काढ त्यातला!"

चंद्रभानानं मान वर केली नाही. "हो जी," एवढंच म्हणाला आणि खाली बसून पाला निवडू लागला.

वच्छला वेचता वेचता तिरप्या नजरेनं पाहत होती. आज सकाळपासून घरातल्या सगळ्यांनी, जोशानं आणि अमरावतीच्या पाहुण्यानंसुद्धा, चंद्रभानाला काय आवडतं आणि का आवडतं याचा कीस काढला होता. तिला तो आवडतो का, हे एकानंही विचारलं नव्हतं, आणि हे विचारायची गोष्ट आहे असं तिच्या स्वतःच्याही कधी मनात आलं नव्हतं. तो नवरा होता, त्याला ती हवी होती, एवढ्यावर तिनं भागवलं होतं. आता तो उघड्या डोक्यानं, घामेजलेला, बायांचं हसणं खाली मान घालून ऐकत तिच्या शेजारच्या ओळीत सरकत होता. त्याच्या मानेवर कापसाचा एक पुंजका चिकटला होता. तिनं तिकडे पाहिलं, नजर काढली, आणि पुन्हा पाहिलं.

मग तिनं आपला हात जरा सावकाश केला, म्हणजे तो मागे पडणार नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि वच्छलेला नवरा आज पहिल्यांदा आवडला.